चार ओळींचा निवाडा: नव्या आणि महोत्सवी चित्रपटांवर लघु-अभिप्राय कसा लिहावा

एकाच शुक्रवारी दोन मराठी, दोन हिंदी आणि एखादा डब केलेला चित्रपट येऊन आदळतो. नोव्हेंबरात पणजीत ‘इफ्फी’ आणि जानेवारीत पुण्यात ‘पिफ’ हे चित्रपट महोत्सव लागले की दिवसाला चार-चार चित्रपट पाहून लोक रात्री अभिप्राय लिहायला बसतात. प्रत्येकावर पाचशे शब्द लिहायला जागा नसते आणि वाचायला कोणाला सवड नसते. म्हणून साठ ते नव्वद शब्दांचा लघु-अभिप्राय. तो सोपा वाटतो आणि तिथेच बिनसतं. बहुतेक जण मनात मोठं परीक्षण लिहितात आणि मग त्याला कात्री लावतात. कात्रीतून कथा वाचते, मत गळून पडतं. साठातले पंचेचाळीस शब्द कथेचे, दहा कलाकारांच्या नावांचे आणि उरलेल्या पाचांत ‘एकदा पाहायला हरकत नाही’.

पुढचे टप्पे दिलेल्या क्रमानेच घ्या. चुका बहुतेक क्रमाच्याच असतात.

## १. वाचक कोण आहे ते आधी ठरवा

प्रदर्शित चित्रपटाचा वाचक तिकिटाचं ॲप उघडून बसलेला असतो. जाऊ की नको, आणि गेलो तर आईला न्यायचं की मित्रांसोबत जायचं, एवढंच त्याला हवं असतं. त्याच्यासाठी भाषा, लांबी आणि सेन्सॉरचं प्रमाणपत्र कामाचं. २०२४ पासून ‘यूए’ या पालकांच्या मार्गदर्शनाखालच्या प्रमाणपत्रातही ७+, १३+ आणि १६+ असे वयाचे तीन गट आहेत, नुसतं ‘यूए’ लिहून पालकांना काहीच कळत नाही.

महोत्सवी चित्रपटाचा वाचक वेगळा. त्याला फार तर दुसऱ्या दिवशीचा पुन्हा होणारा शो मिळेल, नाहीतर कित्येक महिने थांबावं लागेल. ‘कोर्ट’ सप्टेंबर २०१४ मध्ये व्हेनिसला दाखवला गेला, आपल्या थिएटरांत आला एप्रिल २०१५ मध्ये. ‘स्थळ’ सप्टेंबर २०२३ मध्ये टोरांटोला होता, इकडे लागला मार्च २०२५ मध्ये. म्हणजे तुम्ही आज लिहिलेला अभिप्राय कोणीतरी दीड वर्षाने शोधून वाचणार आहे. ‘काल सगळीकडे याचीच चर्चा होती’ या वाक्याचा त्याला काय उपयोग? देश, भाषा, दिग्दर्शक, लांबी आणि कोणत्या महोत्सवात पाहिला, एवढं वरच्या एका ओळीत द्या. ही ओळ शब्दमर्यादेत धरू नका.

सावध: भारतातल्या महोत्सवांत दाखवले जाणारे चित्रपट माहिती व प्रसारण मंत्रालयाच्या सवलतीवर, सेन्सॉर प्रमाणपत्राविना दाखवता येतात. पुढे थिएटरात येताना कात्री लागू शकते, आणि निर्माते स्वतःही लांबी कमी करतात. त्यामुळे महोत्सवाचं नाव आणि वर्ष गाळू नका. तुम्ही कोणती आवृत्ती पाहिली हे त्यावरूनच कळतं.

## २. शोच्या आधी

तयारी थोडीच, पण ती आदल्या रात्री करा. दिग्दर्शकाचं नाव, लांबी आणि मूळ भाषा वहीत उतरवून ठेवा. इतरांची परीक्षणं वाचू नका आणि पीआरने पाठवलेलं पत्रक शो संपेपर्यंत उघडू नका. पत्रकातली विशेषणं फार चिकट असतात. ‘हृदयस्पर्शी’ हा शब्द आपल्याला सुचला असं वाटतं आणि तो पत्रकाच्या दुसऱ्या ओळीत निघतो.

महोत्सवात लिहायचं असेल तर दिवसाला तीनच चित्रपट ठेवा. पाच पाहता येतात, पण पाचव्यावर अन्याय होतो. आणि शांत चित्रपटानंतर लगेच गोंगाटाचा पाहिला की शांत चित्रपट डोक्यातून पुसला जातो. दोन शोंमध्ये पाऊण तासाची फट हवी. ती चहासाठी नाही, चौथ्या टप्प्यासाठी आहे.

बसायची जागाही तयारीतच येते. परभाषेतला चित्रपट असेल तर पडद्याची खालची कड दिसली पाहिजे. जुन्या, कमी उताराच्या सभागृहांत पुढच्याचं डोकं नेमकं सबटायटलवर येतं आणि मग लोक ‘संवाद तुटक वाटले’ असं लिहून मोकळे होतात. वरच्या रांगा किंवा कडेची खुर्ची धरा.

## ३. अंधारातली वही

मोबाइल नको. त्याचा उजेड शेजाऱ्याला त्रास देतो आणि त्यावर येणारं प्रत्येक नोटिफिकेशन तुमचं लक्ष खातं. छोटी वही, जाड उठणारं पेन, मोठं अक्षर, एका पानावर दोनच नोंदी. अंधारात ओळीवर ओळ चढते, तेव्हा कागदाची काटकसर करू नका.

काय टिपायचं हे जास्त महत्त्वाचं. मत टिपू नका. दिसलेलं आणि ऐकलेलं टिपा. ‘अभिनय छान’ ही नोंद रात्री निरुपयोगी ठरते. ‘खोटं बोलताना चष्मा पुसतो, तिसऱ्या वेळी थिएटर हसलं’ ही नोंद मात्र अख्ख्या अभिप्रायाचा कणा होऊ शकते. लक्ष जिथे उडालं तिथे समासात एक आडवी रेघ मारा, बस. का उडालं याचा विचार नंतर. रेघा कुठे दाटल्या आहेत ते पाहिलं की चित्रपट नेमका कुठे सुटला ते समजतं.

याचा एक फायदा असा की ‘पूर्वार्ध पकड घेतो, उत्तरार्ध रेंगाळतो’ हे वाक्य तुमच्या हातून निघणार नाही. हे वाक्य आपल्याकडे मध्यंतरामुळे रुजलं. चित्रपट दिग्दर्शकाच्या हातून कुठे निसटला याच्याशी पॉपकॉर्नच्या वेळेचा काहीही संबंध नसतो. महोत्सवात तर मध्यंतरच नसतं, तरीही लोक तिथे उत्तरार्ध शोधून काढतात!

तपासून पाहा: शो संपल्यावर वहीत किमान चार नोंदी अशा हव्यात ज्या दुसऱ्या कोणत्याही चित्रपटाला लागू पडणार नाहीत. नसतील तर या चित्रपटावर लिहू नका. प्रत्येक चित्रपटावर मत दिलंच पाहिजे असं कुठे आहे?

## ४. बाहेर पडल्यावरचा पहिला अर्धा तास

इथे सर्वांत जास्त नुकसान होतं, म्हणून जरा थांबून सांगतो.

महोत्सवात शोनंतर दिग्दर्शक मंचावर येतो. किती वर्षं लागली, पैसे कसे जमवले, ऐन शूटिंगच्या वेळी पाऊस कसा आला, हे ऐकून आपण विरघळतो. माणूस आवडतो आणि ती आवड चित्रपटाच्या खात्यावर जमा होते. पण वाचकाला पडद्यावर हा माणूस भेटणार नाही, फक्त चित्रपट भेटणार आहे. म्हणून नामावली सरकत असतानाच, प्रश्नोत्तरं सुरू व्हायच्या आत, निवाड्याचं एक वाक्य वहीत लिहून टाका. नंतर खुशाल प्रश्न विचारा.

मग एकटे बसा. लॉबीत उभं राहिलं की कोणीतरी विचारतंच, “काय, कसा वाटला?” आणि समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघून आपण उत्तर देतो. तेच उत्तर नंतर आपलं मत होऊन बसतं. टाळ्या किती वेळ वाजल्या तेही मोजू नका. पहिल्या खेळाला अर्धं सभागृह चित्रपटाच्या चमूच्या ओळखीचं असतं.

प्रदर्शित चित्रपटाच्या प्रेस शोला दडपण वेगळ्या तऱ्हेचं. कलाकार दारात उभे, हस्तांदोलन, फोटो आणि घरी पोचायच्या आत फोन: “मग किती स्टार देताय?” उत्तर द्यायचं नाही. ‘लिहून झालं की दिसेलच’ एवढं पुरे. मराठी चित्रसृष्टी लहान आहे, ओळखी निघणारच. पण जवळच्या माणसाचा चित्रपट असेल तर त्यावर लिहू नका, आणि लिहायचंच असेल तर नातं उघड सांगून लिहा.

## ५. निवाड्याचं वाक्य

आता पेन हातात घ्या. पण कथेपासून सुरुवात करायची नाही. आधी वहीतलं ते एकच वाक्य नीट करा: चित्रपट काय करायला निघाला आणि ते त्याला कितपत जमलं. या वाक्यात ‘चांगला’, ‘छान’, ‘ठीक’, ‘दमदार’ हे शब्द वापरायचे नाहीत असं ठरवलं की डोकं आपोआप कामाला लागतं.

हे वाक्य अंतिम मजकुरात पहिलं येईलच असं नाही. कधी ते मध्ये जातं, कधी शेवटी. पण लिहून आधी व्हायला हवं, कारण पुढचा प्रत्येक शब्द ठेवायचा की टाकायचा हे त्यावरूनच ठरतं. संगीताचा या वाक्याशी संबंध नसेल तर संगीतावर अवाक्षर लिहायचं नाही. कथा, अभिनय, छायाचित्रण, संगीत, संकलन अशी हजेरी घेण्याची सवय आपल्याला वर्तमानपत्री परीक्षणांतून लागली आहे. नव्वद शब्दांत हजेरी घेतली की प्रत्येकाच्या वाट्याला एक विशेषण येतं आणि वाचकाच्या हाती काही लागत नाही.

## ६. पुरावा, थोडी कथा आणि ‘पण’

लिहिण्याचा क्रम असा, अंतिम मजकुरात तो बदलला तरी चालेल: निवाडा, त्याला एक ठोस पुरावा, तो समजायला लागेल तेवढीच कथा, खटकलेली गोष्ट, आणि हा चित्रपट कोणी पाहावा.

उदाहरण घेऊ. समजा, एक काल्पनिक मराठी चित्रपट आहे. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरचा कारकून, त्याला ठाऊक असलेली काटामारी (वजन कमी दाखवणं), आणि एके दिवशी रांगेत लागलेला सख्ख्या भावाचा ट्रॅक्टर. त्यावर नेहमीचा अभिप्राय असा येतो:

*ऊस उत्पादक शेतकऱ्यांच्या ज्वलंत प्रश्नाला वाचा फोडणारा हा चित्रपट अंतर्मुख करतो. दिग्दर्शिकेने विषय ताकदीने हाताळला आहे. सर्वच कलाकारांनी आपापल्या भूमिकांना न्याय दिला आहे. छायाचित्रण नेत्रसुखद, पार्श्वसंगीत साजेसं. पूर्वार्ध पकड घेतो, उत्तरार्धात मात्र कथा रेंगाळते. एकदा पाहायला हरकत नाही.*

यातला ‘ऊस उत्पादक’ काढून ‘गिरणी कामगार’ घाला, अभिप्राय तसाच चालतो. तो चालतो हाच त्याचा दोष. आता वहीतल्या नोंदींवरून पुन्हा लिहू:

*वजनकाट्यावरच्या कारकुनाला आकडा कुठे मारतात ते पक्कं ठाऊक आहे. रांगेत भावाचा ट्रॅक्टर लागतो आणि त्याची बोटं थबकतात. हा पेच दिग्दर्शिका भाषणं न देता मांडते. कॅमेरा काट्याच्या खोलीबाहेर, खिडकीपाशी थांबतो आणि आपणही माना वाकवून आकडा वाचू लागतो. शेवटच्या अर्ध्या तासात एक पत्रकार येतो आणि इतका वेळ न बोललेलं सगळं बोलून टाकतो. तिथे चित्रपटाची बातमी होते. तरीही कारकुनाचं काम करणाऱ्या नटासाठी आणि पहिल्या दीड तासासाठी पाहावा. संथ गतीचा कंटाळा असेल तर ओटीटीची वाट पाहा.*

लांबी जवळपास दुप्पट झाली, पण साठ ते नव्वद शब्दांतच बसली. ‘उत्तरार्ध रेंगाळतो’च्या जागी काय, कुठे आणि कशामुळे बिघडलं ते आलं. ‘नेत्रसुखद’च्या जागी कॅमेरा कुठे उभा होता ते आलं आणि त्याचा आपल्यावर काय परिणाम झाला तेही. संगीत गेलं, कारण त्यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. काटामारी चूक आहे हे सांगण्यात एकही शब्द घालवलेला नाही, ते वाचकाला माहीत आहे. विषय महत्त्वाचा असला की चित्रपट आपोआप चांगला ठरत नाही, आणि मराठीत ही गल्लत सर्रास होते.

किती कथा सांगायची? ट्रेलरमध्ये दिसलेलं आणि पहिल्या वीसेक मिनिटांत घडणारं, त्यापलीकडे नाही. शेवट न सांगताही तो फोडता येतो: ‘शेवटी जबर धक्का बसतो’ एवढं वाचलं की प्रेक्षक पूर्ण वेळ धक्क्याचीच वाट पाहत बसतो. वरच्या उदाहरणात पत्रकार येतो हे सांगितलं, कारण आक्षेपच त्याच्यावर आहे. तो आल्यावर कारकुनाचं काय होतं ते सांगितलं नाही. सीमा साधारण तिथे आखावी.

सावध: जाहिरातीत तुमचं वाक्य तोडून छापलं जाईल. ‘वेळ जात नसेल तर जरूर पाहावा’ यातलं ‘जरूर पाहावा’ तेवढं पोस्टरवर चढतं. प्रत्येक वाक्याचा मागचा अर्धा भाग झाकून वाचा, मग पुढचा झाकून वाचा. उलटा अर्थ निघत असेल तर वाक्य फिरवा.

## ७. स्टार सर्वांत शेवटी

स्टार आधी ठरवला की मजकूर त्याचं समर्थन करत बसतो. मजकूर पूर्ण झाल्यावरच आकडा द्या. द्यावाच लागत नसेल तर उत्तमच.

द्यायचा असेल तर प्रत्येक आकड्याचा अर्थ एका कार्डावर लिहून ठेवा आणि वर्षभर तोच पाळा. पाचपैकी तीन ही लपायची जागा आहे: कोणी दुखावत नाही, कोणी विचारत नाही. तुमचे मागचे दहा अभिप्राय काढून पाहा. सात-आठ ठिकाणी तीनच दिसले तर तुम्ही निवाडा करत नाही आहात, वेळ मारून नेता आहात. मराठी चित्रपटाला ‘आपला म्हणून’ दिलेला अर्धा स्टार मला तर अजिबात पटत नाही. तिकिटाचे पैसे वाचक पूर्ण मोजतो.

दुसऱ्यांचे आकडे उद्धृत करताना ते कशाचे आहेत ते कळून करा. परीक्षणं गोळा करणाऱ्या रॉटन टोमॅटोज या संकेतस्थळावरची टक्केवारी म्हणजे किती समीक्षकांचं मत अनुकूल आहे याचं प्रमाण. ६० टक्क्यांपासून ‘फ्रेश’, म्हणजे पसंतीचा शिक्का. सगळ्यांनी ‘बरा आहे’ म्हटलं तरी तिथे १०० टक्के दिसू शकतात. त्यामुळे ‘समीक्षकांनी ९५ टक्के गुण दिले’ हे वाक्य चूक. मेटाक्रिटिक या तशाच संकेतस्थळाचा आकडा मात्र सरासरी असतो, तीही काही परीक्षणांना जास्त वजन देऊन काढलेली. कान महोत्सवात ‘स्क्रीन इंटरनॅशनल’ नियतकालिकाचा समीक्षकांच्या गुणांचा जो तक्ता गाजतो तो चारपैकी असतो. तिथले तीन आणि आपल्याकडचे पाचपैकी तीन एक नव्हेत.

त्या तक्त्यावरून पारितोषिकाचं भाकीतही करू नका. २०१६ मध्ये ‘टोनी एर्डमान’ला ३.७ आणि २०१८ मध्ये ‘बर्निंग’ला ३.८ मिळाले, दोन्ही त्या वेळचे उच्चांक. मुख्य ज्युरीने दोघांनाही रिकाम्या हाती पाठवलं. निवाडा तुमचा आहे, ज्युरी काय करेल हा वेगळा खेळ.

## ८. टाकण्यापूर्वी

मजकूर एकदा मोठ्याने वाचा. मग नावं तपासा. लघु-अभिप्रायात चुकीचं नाव दुप्पट डोळ्यांत भरतं. कोरियन नावात आडनाव आधी येतं. बोंग जून-हो यांचं आडनाव बोंग, म्हणून ‘हो यांचा नवा चित्रपट’ असं लिहिलं की जाणकार तिथेच वाचणं थांबवतो. परदेशी चित्रपटाचं नाव ज्या रूपात शोधलं तर सापडेल ते द्या. स्वतः केलेला मराठी अनुवाद नाव म्हणून वापरू नका, कारण दीड वर्षाने आलेला तो वाचक त्या नावाने शोधणार नाही.

प्रेस शोला गेला असाल तर मत कधीपासून जाहीर करायचं हे आयोजकांनी कळवलेलं असतं. ती वेळ स्टेटसला आणि ग्रुपवर टाकलेल्या एका ओळीलाही लागू असते. ‘नाव सांगत नाही, पण आज काहीतरी अफाट पाहिलं’ हीसुद्धा पळवाटच.

तपासून पाहा: अभिप्रायातून चित्रपटाचं आणि कलाकारांचं नाव काढून तो एखाद्या मित्राला वाचायला द्या, ज्याने चित्रपट पाहिला आहे. त्याला ओळखता आला पाहिजे. आणि ज्याने पाहिलेला नाही त्याला विचारा: जाशील का? ‘हो’ किंवा ‘नाही’ यांपैकी काहीही चालेल. ‘तू सांग’ म्हणाला तर पाचव्या टप्प्यावर परत जा.

## ९. महोत्सवातला चित्रपट थिएटरात आला तर

जुना अभिप्राय नव्या तारखेने पुन्हा टाकायचा मोह होतो. नवी आवृत्ती पाहिली नसेल तर मजकुराला हात लावू नका, महोत्सवाचं नाव आणि वर्ष तसंच राहू द्या, आणि वर फक्त प्रदर्शनाची तारीख व प्रमाणपत्र जोडा. पाहिली असेल तर लांबीत किंवा शेवटात काय बदललं ते एका वाक्यात सांगा आणि स्टार नव्याने द्या. जुना स्टार मजकुरात दिसू द्या, खोडू नका. दुसऱ्यांदा पाहताना मत बदललं असेल तर ते चित्रपट बदलल्यामुळे की तुम्ही त्या दिवशी तिसरा चित्रपट पाहत होता म्हणून, हेही जमलं तर लिहा.